आधी माप विचारा, मग भाव: बेळगावात नव्याने आलेल्यांसाठी

मी घरांचे प्लॅन काढतो. त्यामुळे दिवसभर माझ्या एका कानात फूट आणि दुसऱ्या कानात मीटर चालू असतं. बदली होऊन, लग्न होऊन किंवा उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात नोकरी लागून इकडं आलेली मंडळी माझ्याकडं भाड्याच्या घरासाठी, नाहीतर प्लॉटसाठी येतात. थोड्या वेळानं प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडं नेमकं काय चालतं? एकर की हेक्टर? शेर की किलो?"

सगळंच चालतं. फक्त वस्तू बदलली की माप बदलतं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, तो आता कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत, २८ डिसेंबर १९५६ ला, देशात मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीला सरहद्द आणि किलो एकाच थंडीत भेटले. मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं बाजारात आली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली. किलो लोकांनी लगेच पत्करला. जमीन, सोनं आणि घर यांच्या बाबतीत मात्र कायदा एका वाटेनं गेला आणि तोंडातले शब्द दुसऱ्या.

पहिली पायरी: भाजीबाजार

इथून सुरुवात करा. चूक झाली तर फार तर दहा-वीस रुपये जातात.

वजन किलोतच होतं, पण बोलताना "पावशेर" ऐकू येईल. पावशेर म्हणजे आता २५० ग्रॅम, अर्धा शेर म्हणजे अर्धा किलो. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. तो गेला, त्याचं नाव किलोला चिकटलं. "नवटाक" म्हणजे पावशेराचा निम्मा, आजच्या हिशेबात सव्वाशे ग्रॅम. मिरच्या, आलं, लसूण एवढ्यापुरताच तो आता उरलाय. वयस्कर विक्रेत्याकडं नवटाक मागून बघा, चेहरा खुलतो आणि दोन मिरच्या जास्त पडतात.

पालेभाजीला वजन नाही. कोथिंबीर, मेथी, शेपू पेंडीवर. पुण्याकडं जिला जुडी म्हणतात ती इथं पेंडी. घाऊक बाजारात पेंड्यांचा भाव शेकड्यावर निघतो. छापलेला आकडा बघून "बाप रे, एवढी महाग?" म्हणण्याआधी तो शंभर पेंड्यांचा आहे का हे बघा. टोमॅटो, वांगी, मासे संध्याकाळी वाट्यावर मिळतात. वाट्याला भाव असतो, वजन नसतं, आणि तो उचलून तराजूत टाका म्हणणं शिष्टाचारात बसत नाही.

आता कानडी. भाजीवाली अक्का "कालु केजी" म्हणाली तर ती काळाबद्दल बोलत नाही, कालु म्हणजे पाव. अर्ध म्हणजे अर्धा. मुक्कालु म्हणजे पाऊण. ओंदूवरे म्हणजे दीड, एरडूवरे म्हणजे अडीच. एवढे पाच शब्द पाठ केले की निम्मा बाजार सोपा होतो. आमच्याकडं एकाच वाक्यात "मुक्कालु किलो द्या की मावशी" असंही म्हणतात, कुणी हसत नाही.

फुलांची माळ हातावर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, कानडीत मोळ. हात विकणारीचा असतो, तुमचा नाही. एकदा माझ्या मेव्हणीनं स्वतःचा हात लावून माळ मोजली आणि "कमी भरतीय" म्हणाली. फुलवाली शांतपणे म्हणाली, "तुमचा हात लांब हाय बाई, त्येला मी काय करू?" या उत्तरावर वजनमाप खात्याकडंही काही इलाज नसावा.

दुसरी पायरी: तांदूळ आणि पायली

शहरात राहणार असाल तर हा भाग वाचून सोडून दिलात तरी चालेल. दुकानात तांदूळ किलोनं मिळतो, पोतं २५ किलोचं. पण खानापूर तालुक्यात किंवा बेळगावच्या पश्चिमेच्या खेड्यांत सोयरीक असेल, तर कधीतरी कुणीतरी "चार पायल्या तांदूळ पाठवतो" म्हणेल आणि तुम्ही बुचकळ्यात पडाल.

पायली हे वजन नाही, आकारमान आहे. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. हा शेर भरण्याचा, तराजूतला शेर वेगळा. नाव एक आणि वस्तू दोन, हा घोळ आमच्या पणज्यांनाही होता. पायलीत भात भरलं तर वजन कमी, तांदूळ भरला तर जास्त. शिवाय गावागणिक पायली थोडी लहानमोठी. म्हणून "पायली म्हणजे किती किलो?" या प्रश्नाला घाईनं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घरात वजनकाटा असेल तर त्यांच्याच पायलीनं एकदा भरून, तोलून बघा आणि आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. आमच्या स्वयंपाकघरात असं एक झाकण आहे.

आणखी एक: माप सपाट की शिगेचं? काठापर्यंत भरून वरून हात फिरवला तर सपाट. वर निमुळता ढीग राहू दिला तर ती शीग. "उत्साह शिगेला पोचला" म्हणतो ना आपण, ती हीच. शिगेनं उसनं घेतलं असेल तर शिगेनंच परत करायचं. सपाट भरून पाठवलंत तर तोंडावर कुणी काही बोलणार नाही, पण पुढच्या वेळी डबा रिकामा परत येईल.

लहानपणी मामाच्या खळ्यावर मी मोजणी बघितली आहे. मामा पहिलं माप ओतताना "एक" म्हणत नसे, "लाभ" म्हणे. लाभ, मग दोन, मग तीन. मी शाळेत नुकताच अंक शिकलेलो. मी मोठ्यानं म्हटलं, "मामा, एक राहिलं!" खळ्यावरची सगळी माणसं थांबली. मामानं ओतलेलं माप परत भरून घेतलं आणि पुन्हा लाभपासून सुरुवात केली. रागावला नाही, पण मला उचलून कडब्याच्या गंजीवर नेऊन बसवलं.

त्याच मामाचं भात आणि रताळी मार्केट यार्डात जात तेव्हा क्विंटलवर जात. त्याला यात काही विसंगती वाटत नसे. घरात पायली, बाजारात क्विंटल. ऊसवाल्यांचंही तसंच. केंद्र सरकार उसाचा दर क्विंटलला जाहीर करतं, शेतकरी बोलतो टनावर. २०२४-२५ च्या हंगामाचा दर ३४० रुपये क्विंटल होता, गावात सगळे "चौतीसशे" म्हणत. दोन्ही एकच, एक शून्य इकडंतिकडं.

तिसरी पायरी: सोनं, कापड

थोडक्यात सांगतो. तोळा म्हणजे आज दुकानात १० ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, १२ मासे किंवा ९६ गुंजांचा. शहापूरच्या सराफाकडं आजीच्या पाटल्या मोडायला न्याल तेव्हा "पाच तोळ्याच्या आहेत" असं सांगू नका. आजीचे पाच तोळे जुने असतील तर ते ५८ ग्रॅमच्या वर भरतात. आधी ग्रॅममध्ये तोलून घ्या, तोळे नंतर.

कापड मीटरवर, साडी वारावर. वार म्हणजे ३६ इंच, मीटरपेक्षा साधारण सव्वातीन इंच कमी. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आतबाहेर. "नऊ मीटर द्या" म्हणालात तर पाऊण मीटरचे पैसे जास्त जातील.

चौथी पायरी: घर बांधताना

इथं माझं पोट भरतं, आणि इथंच मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून जरा सविस्तर.

मालक फुटात बोलतो, "तीस बाय चाळीसचा प्लॉट आहे." परवानगीचा नकाशा मीटरमध्ये. गवंडी फूट-इंचात. सुतार सुतात. लोखंड मिलिमीटरमध्ये, पण फिटर त्यालाही सूतच म्हणणार. एका इंचाचे आठ सूत. "तीन सुती बार" म्हणजे १० मिमी, "चार सुती" म्हणजे १२ मिमी. बरोबर अर्धा इंच काढला तर १२.७ मिमी होतो, म्हणजे चार सुती हे आता नुसतं टोपणनाव झालंय. दुकानात मिलिमीटरच सांगा आणि बिलावर मिलिमीटरच लिहून घ्या. उद्यमबागेत दिवसभर मिलिमीटरचे बारीक भाग तपासणारा माणूस संध्याकाळी घरी दाराला "दोन सूत फट राहिलीय" म्हणतो. प्लायवूड तर दोन्ही घरचा पाहुणा आहे: आठ बाय चार फूट, जाडी १८ मिमी.

माझी चूक फरशीची. हॉल होता वीस बाय बारा फुटांचा. मालकाला फरशी हवी होती "दोन बाय दोन". मी तोंडी हिशेब केला: एका ओळीत दहा, अशा सहा ओळी, साठ फरश्या, तुटफुटीच्या चार-पाच जास्त. फरशी आली, गवंड्यानं बसवायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "साहेब, जरा येऊन बघता का?" जाऊन बघतो तर लांबीच्या टोकाला भिंतीलगत जवळजवळ पावणेचार इंचाची उघडी पट्टी. रुंदीलाही दोन-सव्वादोन इंच कमी. कारण दुकानातली दोन बाय दोन म्हणजे ६०० मिमीची फरशी, आणि खरे दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी. दहा फरश्या लावल्या की सहा मीटर, आणि माझी भिंत ६.०९६ मीटरची. मालकीणबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "दोन बाय दोन म्हणालात ना तुम्ही?" म्हणालो होतो. जास्तीच्या फरश्या मी माझ्या पैशानं आणल्या, आणि दुसऱ्या खेपेच्या रंगाची छटा किंचित वेगळी निघाली ती निघालीच. आता ते तिथं कपाट ठेवतात.

तेव्हापासून माझा नियम: वस्तू ज्या मापात कारखान्यातून निघते त्याच मापात हिशेब करायचा. फरशी, लोखंड, काच, प्लायची जाडी मिलिमीटरमध्ये. खोली फुटात मोजली असेल तर आधी मीटरमध्ये उतरवून घ्यायची, मग भागाकार. आणि दशांश मध्येच गोल करायचे नाहीत. तीस बाय चाळीस म्हणजे ९.१४ बाय १२.१९ मीटर. कुणी सोयीसाठी नऊ बाय बारा लिहिलं तर कागदावर तुमची साडेसदतीस चौरस फूट जागा गेली.

वाळू आणि खडी ब्रासवर. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की चालकाच्या शब्दावर जाऊ नका, टेप घेऊन हौदाची लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटात मोजा, गुणा आणि शंभरानं भागा. दहा बाय पाच बाय दोन म्हणजे बरोबर एक ब्रास. वाळू दमट असेल तर ती फुगते, म्हणजे ब्रासवर घेतली तर कमी येते. मग टनावर घ्यावी म्हणाल, तर काट्यावर पाण्याचंही वजन होतं. कोरडी बघून घ्या, दुसरा उपाय नाही. खानापूरकडचे चिरे आणि विटा मात्र नगावर, तिथं डोळे उघडे ठेवून मोजणं एवढंच काम.

पाचवी पायरी: जमीन

घाईत असाल तर बाकी सगळं सोडा, हे वाचा.

कर्नाटकात शेतीच्या उताऱ्यावर, ज्याला कुणी पहाणी म्हणतं, कुणी आरटीसी, क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे असं असतं. चाळीस गुंठ्यांचा एकर. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ३३ फुटांची मोजणीची साखळी होती, तिचा चौरस. सोळा आण्यांचा एक गुंठा, म्हणजे एक आणा ६८ चौरस फुटांच्या आसपास.

सरहद्द ओलांडून चंदगड तालुक्यात गेलात की सातबारा हेक्टर, आर आणि चौरस मीटरचा. शंभर आरचा हेक्टर, आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर.

आता आकडा बघा: १.२०. बेळगावच्या उताऱ्यावर हा एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. (एक पूर्णांक दोन दशांश एकर नाही. हा दशांश नाहीच, नुसता दोन खान्यांमधला टिंब आहे.) चंदगडच्या शेतीच्या सातबाऱ्यावर हाच आकडा एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकरांना दीड गुंठा कमी. तोच आकडा, जवळपास दुप्पट जमीन. आणि बिगरशेतीचा सातबारा असेल तर खाने आर आणि चौरस मीटरचे असतात, तेव्हा १.२० म्हणजे सव्वा गुंठासुद्धा नाही. म्हणून फोनवर कुणी "एक वीस आहे" म्हणालं तर पहिला प्रश्न: कुठला कागद?

दुसरा सापळा याहून गोड आहे. आर आणि गुंठा इतके जवळचे, की दोन्हीकडचे लोक ते एकच धरतात. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. गवताच्या माळाला हा फरक कुणी विचारत नाही. पण चाळीस आरला "एक एकर" म्हणून पैसे मोजलेत तर ५०४ चौरस फूट कमी मिळतात, जवळजवळ अर्धा गुंठा. रस्त्याकडेच्या जागेत अर्ध्या गुंठ्यात दुकानगाळा उभा राहतो.

तिसरा, आण्याचा. उताऱ्यावर क्षेत्राच्या खान्यात आणा असेल तर तो गुंठ्याचा सोळावा भाग. पण वाटणीच्या जुन्या कागदात "चार आणे हिस्सा" लिहिलं असेल तर तो संपूर्ण मालमत्तेचा चौथा भाग. रुपयाचे सोळा आणे, तसे मालकीचे सोळा आणे. नाणं १९५७ च्या दशमान पद्धतीनं निकालात काढलं, हिश्शातला आणा अजून भावाभावांत भांडणं लावतोय. माझ्याकडं एक जण चार आण्यांचा अर्थ २७२ चौरस फूट असा लावून आले होते. प्रत्यक्षात वडिलोपार्जित तीन एकरांत त्यांना तीस गुंठे येत होते. चहा सांगितला त्यांना.

शेवटी खराब. उताऱ्यात एकूण क्षेत्राखाली खराब वेगळं दाखवतात. "अ" खराब म्हणजे पिकाखाली न येणारी पण मालकाच्याच ताब्यातली जागा. "ब" खराब म्हणजे रस्ता, नाला, असं सार्वजनिक वापराचं. ते विकत घेता येत नाही, कितीही हसतमुखानं दाखवलं तरी. भाव ठरवताना ते वजा करून उरलेल्यावर बोला. उतारा कानडीत असतो. खाने वाचता येत नसतील तर जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, विकणाऱ्याकडून नव्हे.

शहरातल्या प्लॉटला हे काही नाही, सगळं चौरस फुटांत बोलतात. तरी "साधारण तीन गुंठे" म्हणाले की ३२६७ चौरस फूट भरतात का ते टेपनं बघाच, कारण साधारण हा शब्द कुठल्याच मापात बसत नाही.

राहिलेलं

पावसाळ्यात पेपर हातात घेतलात की राकसकोप आणि हिडकल धरणांची पातळी फुटात, पाऊस मिलिमीटरमध्ये, साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. राकसकोप भरतं २४७५ फुटांवर, हिडकल २१७५ वर. ही पाण्याची खोली नाही, समुद्रसपाटीपासूनची पातळी आहे. नव्या माणसाला वाटतं बेळगावजवळ अर्ध्या मैलाचा खोल डोह आहे. आलमट्टीची पातळी मात्र मीटरमध्ये, ५१९.६० ला ते धरण भरतं, आणि तिच्याकडं नदीच्या वरच्या अंगाचे सांगली-कोल्हापूरचे लोक आमच्याहून जास्त डोळे लावून बसलेले असतात. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, सुमारे २८३२ कोटी लिटर. कणकुंबीच्या पावसाबद्दल म्हातारी माणसं इंचात बोलतील, पंचवीसनं गुणायचं, झालं.

ताप फॅरनहाइटमध्ये सांगा, "शंभर-दोन आहे" म्हटलं की डॉक्टरला कळतं. "एकोणचाळीस" म्हणालात तर घरची माणसं तुमचंच वय समजतील. उंची फूट-इंचात, वजन किलोत.

आणि एक टेप विकत घ्या. पाच मीटरचा, एका काठाला इंच आणि दुसऱ्या काठाला सेंटिमीटर असलेला, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो हातात घेऊन गवंड्यासमोर उभं राहिलात की टेपचा कुठला काठ वाचायचा ते आधी त्याला विचारा. माझ्या टेपचा सेंटिमीटरचा काठ अजून कोरा दिसतो, इंचाचे आकडे बोटांनी पुसून गेलेत.